नकाशावरची रिकामी जागा

मालवणच्या किनाऱ्याचे नकाशे काढण्यात गेल्या चार दशकांत शासनाने हयगय केली, असे कोणालाही म्हणता येणार नाही. १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले, तेव्हा सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगडाच्या परिसरातील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्राभोवती रेषा ओढली गेली. १९९१ मध्ये किनारा नियमनाची अधिसूचना आली आणि भरतीरेषेपासून पाचशे मीटरची पट्टी आखली गेली. २०११ च्या नव्या अधिसूचनेने मालवणला अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांत गणले. त्याच वर्षी डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीने पश्चिम घाटाचे सुमारे नऊ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडून वर्गवारी केली, तर २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने उपग्रहचित्रांच्या आधारे संवेदनशील गावांची यादीच दिली. यांपैकी प्रत्येक प्रयत्नामागे रास्त कारण होते. प्रवाळ, खारफुटी आणि घाटातले जंगल यांना संरक्षण हवेच. परंतु या साऱ्यांचे मुख्य प्रयोजन येथे काय होऊ नये हे सांगण्याचे होते. येथील माणूस काय करून जगतो, हे सांगणारा नकाशा मात्र आजही सिद्ध व्हायचा आहे.

ही उणीव केवळ अभ्यासकांपुरती असती, तर तिची एवढी चिंता करण्याचे कारण नव्हते. पण आज निर्णय नकाशासमोर बसून होतात. जे नकाशावर नाही, ते कचेरीच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. आणि नकाशावर जी जागा रिकामी दिसते, ती कोणालाही देता येते.

जांभ्या दगडाच्या सड्याचे उदाहरण घ्यावे. उन्हाळ्यातल्या उपग्रहचित्रात हा कातळ उघडाबोडका दिसतो आणि पडीक जमिनींच्या राष्ट्रीय नकाशासंग्रहात ‘खडकाळ पडीक’ असा वर्ग त्याच्यासाठी तयारच असतो. प्रत्यक्षात देवगडच्या बागायतदारांनी याच कातळाला सुरुंग लावून खड्डे पाडले, त्यांत माती भरली आणि हापूस उभा केला. पावसाळ्यात सड्यावर गुरे चरतात, गवत कापले जाते, खोलगट जागी भातही होते. कातळाच्या भेगांतून झिरपलेले पाणी पायथ्याच्या वाडीतील झऱ्यांना आणि विहिरींना पुरते. मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावरील कातळशिल्पांचा २०२२ मध्ये कोकणातील इतर कातळशिल्पांसह युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला. ज्या भूमीला दप्तराने पडीक ठरवावे, तिने गावाला पाणी, चारा आणि फळ द्यावे, शिवाय प्राचीन इतिहासही जपून ठेवावा, हा विरोधाभास नकाशा काढणाऱ्यांना अंतर्मुख करणारा आहे.

किनाऱ्याची कथा याहून वेगळी नाही. रापण ओढण्यासाठी मोकळी वाळू लागते. होडीने अर्धवर्तुळाकार जाळे टाकून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून शेकडो हातांनी ओढायची आणि मिळालेल्या मासळीचे वाटे करायचे, ही सहकाराची जुनी रीत आहे. जाळे गुंडाळून रापणकर घरी गेले की ती वाळू रिकामी दिसते. तेथे धूपप्रतिबंधक बंधारा आला किंवा पर्यटन संकुलाची भिंत आली, तर कोणाचे घर पाडले गेल्याची नोंद होत नाही. एका रापणीचे ठिकाण मात्र कायमचे जाते. खाडीत तिसरे आणि कालवे काढणाऱ्या बायका, मासळी सुकवण्याच्या जागा, होड्या ओढून ठेवण्याच्या जागा यांचीही तीच गत. वास्तविक २०११ च्या अधिसूचनेने मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामायिक जागा आणि मासळी सुकवण्याची ठिकाणे मोठ्या प्रमाणावरील नकाशांत दाखवण्याचे बंधन घातले होते. तरीही मुंबईच्या कोळीवाड्यांपासून कोकणापर्यंत मच्छीमारांची तक्रार एकच राहिली : आमच्या जागा नकाशात आल्याच नाहीत.

अर्थव्यवहार समजून घ्यायचा तर जिल्ह्याची सीमारेषाही अपुरी पडते. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. माणसे मुंबईला गेली आणि तेथून आलेल्या मनिऑर्डरीवर घरे चालली, म्हणून तर येथील अर्थव्यवस्थेला ‘मनिऑर्डरची अर्थव्यवस्था’ हे नाव पडले. आंबा वाशीच्या बाजारात जातो, सावंतवाडी-दोडामार्गचा तरुण रोजगारासाठी गोव्यात जातो, रुग्ण बांबोळीला जातो. आंगणेवाडीच्या जत्रेला लाखो भाविक येतात, तेव्हा मसुरे परिसरातला त्या दोन दिवसांचा व्यवहार एरवीच्या कित्येक आठवड्यांना भारी पडत असेल. दरडोई उत्पन्नाच्या एका आकड्यात यातले काय उमटणार? पैसा कोठून येतो, किती काळ गावात फिरतो आणि कोणत्या वाटेने बाहेर जातो, हे दाखवणारा नकाशाच या जिल्ह्याचे खरे आर्थिक चित्र देऊ शकेल.

आज त्यासाठी साधनांची वाण नाही. ‘इस्रो’चे ‘भुवन’ २००९ पासून सर्वांसाठी खुले आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊ लागली. २०२१ मध्ये केंद्राने नकाशे व भूस्थानिक माहितीवरील जाचक बंधने सैल केली आणि त्याच वर्षी ‘गतिशक्ती’चा राष्ट्रीय आराखडा आला, ज्यात रस्ते, रेल्वे, बंदरे यांचे थर एकाच नकाशावर पाहता येतात. हैदराबादची सागरी माहिती सेवा संस्था समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहाने टिपून मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे, हे कळवते. मात्र त्या सूचनेचा लाभ ज्याच्याकडे इंजिन आहे, त्याला होतो. किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्याला ती मासळी दुरूनच वंदनीय! साधन तटस्थ असले, तरी त्याचे फळ तटस्थ नसते, ते असे.

या भूमीला ही दृष्टी नवी नाही. अण्णाजी दत्तो यांनी शिवकाळात जमिनीची मोजणी केली, ती पाच हात पाच मुठींच्या काठीने. पण लांबी-रुंदीवर न थांबता जमिनीची प्रत पाहून सारा ठरवला गेला. १६६४ मध्ये छत्रपतींनी कुरटे बेट निवडले, तेही केवळ तटबंदीच्या सोयीसाठी नव्हे. खडकांनी वेढलेला समुद्र, आत येण्याच्या अवघड वाटा आणि किनाऱ्यावरचा व्यापार यांचे ज्ञान त्या निवडीमागे होते. ते ज्ञान स्थानिक दर्यावर्दींपाशीच असणार. राजाने ते ऐकले, यातच त्याचे द्रष्टेपण आहे.

आजच्या राज्यकर्त्यांनी एवढेच करावे. प्रत्येक ग्रामसभेने आपला उपजीविकेचा नकाशा तयार करावा आणि शासनाने त्याला दप्तरी मान्यता द्यावी. २००२ च्या जैवविविधता कायद्याने लोकांची जैवविविधता नोंदवही आधीच सांगितलेली आहे. तिच्या जोडीला रापणीच्या जागा, झरे, चराईचे सडे, आठवडी बाजार, काजू प्रक्रिया आणि कोकमाची घरगुती कामे यांची नोंद का होऊ नये? महाविद्यालयातील तरुणांच्या हातात मोबाइल आहे आणि गावातल्या वृद्धांपाशी माहिती आहे. या दोघांना एकत्र आणण्याला मोठ्या निधीची गरज नाही. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे भूगोलालाच बाजारमूल्य मिळाले. ते मूल्य गावाच्या हाती राहावे, तर भूगोलाची नोंदही गावाच्या हाती हवी.

एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक आहे. पाण्याचा झरा आणि मासळीची जागा दाखवणारा नकाशा जमिनीच्या दलालालाही तितकाच उपयुक्त असतो. म्हणून कोणती माहिती खुली करायची आणि कोणती गावापुरती ठेवायची, हा अधिकार ग्रामसभेचाच असला पाहिजे. दुसऱ्याने काढलेल्या नकाशात आपले गाव शोधत बसण्याची वेळ कोकणावर पुष्कळदा आली. पुढचा प्रकल्प, पुढची अधिसूचना येईल, तेव्हा गावाने आपला नकाशा घेऊन समोर उभे राहावे. जागा रिकामी नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मग गावावर राहणार नाही. ती रिकामी आहे असे म्हणणाऱ्यालाच ते सिद्ध करावे लागेल.