खिरापत आणि प्रोत्साहन

गरिबाच्या पदरात सरकारने धान्य टाकले की ती ‘खिरापत’ आणि धनिकाच्या करात कोट्यवधींची सूट दिली की ते ‘प्रोत्साहन’, अशी आपल्या सार्वजनिक चर्चेची भाषा होऊन बसली आहे. या शब्दभेदाआड सरकारी तिजोरीच्या एका मोठ्या वाटेकऱ्याचे नाव झाकले जाते. म्हणून या प्रश्नाचा स्पष्ट विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

थोमा पिकेटी प्रभृती अर्थशास्त्रज्ञांनी मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२२-२३ साली देशातील वरच्या १ टक्का लोकांच्या हाती एकूण संपत्तीचा ४०.१ टक्के आणि उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा होता. दशांशाविषयी तज्ज्ञांनी खुशाल वाद घालावा. मूळ चित्र त्याने पालटत नाही.

संपत्तीचे केंद्रीकरण सार्वजनिक अहितास कारण होऊ नये, असे घटनेच्या ३९ व्या कलमाने राज्यास बजावले आहे. १९५३ साली मृत्युकर आणि १९५७ साली संपत्तिकर आला, तो याच विचाराच्या काळात. मृत्युकर १९८५ साली रद्द झाला. त्याचे उत्पन्न वर्षाला सुमारे २० कोटी रुपयेच होते. २०१३-१४ साली अवघे १,००८ कोटी देणारा संपत्तिकर २०१५ च्या अर्थसंकल्पाने काढून टाकला आणि त्याऐवजी १ कोटीहून अधिक उत्पन्नावर २ टक्के जादा अधिभार बसविला. उत्पन्न तुटपुंजे होते, हे कारण खोटे नव्हे. परंतु घागर गळू लागली तर ती डागावयाची असते, फेकावयाची नसते. आणि त्या अधिभाराचे तरी काय झाले? ५ कोटींवरील उत्पन्नासाठी तो २०१९ साली ३७ टक्क्यांवर गेला आणि २०२३ साली नव्या करपद्धतीत २५ टक्क्यांवर उतरला. एक दार बंद करून दुसरे उघडले, आणि मग तेही अर्धे लोटून घेतले!

सप्टेंबर २०१९ मध्ये अन्य सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला गेला. त्या वेळच्या सवलतींमुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असे सरकारनेच सांगितले होते. या दरासाठी नव्या गुंतवणुकीची वा रोजगाराची अट मात्र नव्हती. पुढे २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीने नोंदविले की, २०२३-२४ मध्ये कंपन्यांची नफाक्षमता पंधरा वर्षांतील उच्चांकावर पोहोचली, पण वेतनवाढ मागे राहिली. याहून बोलका हिशेब कोणता?

तथापि, धनिकांकडे बोट दाखवून आपण सुशिक्षितांनी मोकळे होऊ नये. रेल्वे, वीज, स्वयंपाकाचा गॅस, सोने, विमानाचे इंधन व अल्पबचत यांतून सुस्थितांना मिळणारा लाभ २०१५-१६ च्या आर्थिक पाहणीने १ लाख कोटींहून अधिक ठरविला होता. त्या सुस्थितांत आमचे पुष्कळ वाचक आणि आम्हीही आलो. परंतु याच वर्गाने पुढे १ कोटीहून अधिक संख्येने गॅसचे अनुदान सोडले. आणि याच महाराष्ट्रात सत्तरीच्या दशकात शहरी पगारदारांच्या व्यवसायकरातून ग्रामीण मजुरांच्या रोजगार हमी योजनेस पैसा मिळाला. न्याय्य कारण पटले तर मध्यमवर्ग देतो. मग त्याहून कितीतरी संपन्न असणाऱ्यांकडून तीच अपेक्षा ठेवली, तर ती उद्योगविरोधी कशी ठरते?

कारखानदारीस साहाय्य देऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. मागणी एवढीच आहे की, प्रत्येक मोठ्या करसवलतीला मुदत असावी, तिच्या बदल्यात काय मिळाले याचा हिशेब संसदेपुढे यावा आणि तो समाधानकारक नसेल तर ती संपावी. अर्थसंकल्पासोबत बुडीत महसुलाचे विवरणपत्र येते. त्यावर शिधापत्रिकेइतकी तरी चर्चा व्हावी. मध्यमवर्गीयाच्या राहत्या घराला व साठवणीला हात न लावता, केवळ अतिप्रचंड वारशांवर कर बसविण्याचा विचारही आता टाळता येणार नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत डॉ. आंबेडकरांनी इशारा दिला होता की, राजकारणात समता आणि आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती फार काळ टिकली, तर लोकशाहीच धोक्यात येईल. तो इशारा विसरण्याइतकी श्रीमंती या देशाला अद्याप आलेली नाही.