'चांगली वस्ती' कुणासाठी चांगली?

लंडनला दोन-तीन वर्षं शिकायला किंवा नोकरीला निघालेल्या मुलीला घरचे, शेजारचे, आधी जाऊन आलेले असे सगळे एकच सल्ला देतात: "भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल, पण वस्ती चांगली बघ." मुलगा निघाला की तोच सल्ला "ऑफिसजवळ बघ, येण्याजाण्याचा खर्च वाचेल" असा होतो. पहिल्या सल्ल्यात काळजी आहे, हे कोण नाकारेल? पण ही काळजी दर महिन्याला तिच्याच पगारातून वसूल होते, त्याचं काय? बाई असल्याबद्दलचा हा दंडच आहे.

आणि चांगली म्हणजे कोणती? खोदून विचारलं की उत्तर बाहेर येतं. जिथे गोरे जास्त; काळे, बांगलादेशी, सोमाली कमी. व्हाइटचॅपल नको, ब्रिक्स्टन नको, पेकहॅम तर नकोच. पुण्यात झोपडपट्टीजवळचा फ्लॅट नाकारणारी माणसं तिथे पोचल्यावर हा नकाशा चटकन पाठ करतात. (आपणही तिथे कुणाच्या तरी नकाशात 'नको'च असतो, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.) हे सगळं मुलीच्या सुरक्षिततेचं नाव पुढे करून चालतं, म्हणून स्त्री-संघटनांनी त्यावर बोललंच पाहिजे.

ज्या व्हाइटचॅपलला नाकं मुरडली जातात, तिथेच १९८७ साली 'जगोनारी' हे आशियाई बायकांचं केंद्र उभं राहिलं. 'मेट्रिक्स' या स्त्री-वास्तुरचनाकारांच्या सहकारी गटाने तिथल्या बांगला बायकांबरोबर बसून त्याचा आराखडा केला. पाळणाघराची सोय केली. वर्णद्वेषी हल्ल्यांची भीती होती, पण इमारत तुरुंगासारखी दिसू नये म्हणून खिडक्यांच्या जाळ्या नक्षीदार केल्या. तिकडे साउथॉलमध्ये 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' १९७९ पासून काम करते आहे. नवऱ्याच्या छळाला कंटाळून त्याला मारणाऱ्या किरणजित अहलुवालियाला जन्मठेप झाली होती. १९९२ मध्ये ती सुटली ती या बायकांनी लावून धरलं म्हणून. दलालाच्या जाहिरातीत 'बागेसमोर' लिहिलेलं असतं, हे लिहिलेलं नसतं.

आता चांगल्या वस्तीची हमी किती खरी ते पाहू. मार्च २०२१ मध्ये सारा एव्हरार्ड रात्री नऊनंतर क्लॅपमहून घरी चालत निघाली होती, दिव्यांच्या, वाहत्या रस्त्याने. तिला पळवून ठार मारणारा सेवेतला पोलीस होता. त्याच सप्टेंबरात सबिना नेस्सा ही तरुण शिक्षिका किडब्रूकच्या बागेतून जाताना मारली गेली. ती घरापासून काही मिनिटांच्या अंतरावर होती. सारा बेपत्ता असताना त्या भागातल्या बायकांना सांगण्यात आलं, एकट्या बाहेर पडू नका. १९७७ च्या सुमारासही, यॉर्कशरमध्ये एकामागून एक बायकांचे खून होत होते तेव्हा, पोलिसांनी हेच सांगितलं होतं; त्यावर लीड्सच्या बायका 'रिक्लेम द नाइट' म्हणत रात्रीच्या रस्त्यावर उतरल्या. चाळीसहून अधिक वर्षं गेली, घरात कोंडायचं कुणाला हे मात्र बदललेलं नाही.

आणि घर तरी? ब्रिटनमधल्या 'फेमिसाइड सेन्सस'च्या अभ्यासानुसार २००९ ते २०१८ या काळात पुरुषांच्या हातून मेलेल्या बायकांपैकी सुमारे ६२ टक्के बायकांना आजी-माजी जोडीदारानेच मारलं. वस्ती निवडून यातून कशी सुटका होणार?

तेव्हा प्रश्नच वेगळे विचारायला हवेत. कामावरून सुटल्यावर रात्रीची बस मिळते का? लंडनची रात्रभर चालणारी ट्यूब २०१६ पासून आहे, पण फक्त शुक्रवारी आणि शनिवारी, तीही काही मार्गांवरच. मंगळवारी मध्यरात्री पाळी संपणाऱ्या नर्सला तिचा काय उपयोग? तिला बसथांब्याजवळचं, उशिरापर्यंत उघड्या दुकानांच्या गजबजलेल्या रस्त्यावरचं घर हवं. आणि असा रस्ता बहुधा 'नको'च्याच यादीत सापडतो.

नवऱ्यामागून जाणाऱ्या बायकांचं तर विचारूच नका. तो आधी जातो, आपल्या ऑफिसच्या सोयीने दूर उपनगरात घर घेतो, करार त्याच्या नावावर. ती पोचते तेव्हा वस्ती फार छान असते, शांत असते. इतकी शांत की आठवडाभर एका माणसाशी बोलणं होत नाही. सही करण्याआधी तिने विचारायला हवं: करारावर माझं नाव आहे का? चालत जाता येईल असं वाचनालय, बाजार आहे का? भाषा कळणारी बाई कुठे भेटेल? जीपीकडे, म्हणजे तिथल्या सरकारी डॉक्टरकडे, नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही, हे तिला कुणी सांगतं का? अनामत रक्कम सर्वसाधारण घरासाठी पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, हा २०१९ पासूनचा नियम तिला माहीत आहे का?

लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. गणपतीला, दिवाळीला तिथे जमणाऱ्या मैत्रिणींना आमचं सांगणं आहे: एक वही ठेवा. कुठल्या घरमालकाने "एकटीच राहणार का?" विचारलं, कुठे रात्री बाराची बस खरोखर येते, कुणाच्या अडचणीत कोणती संघटना धावून आली, ते लिहा. नव्या मुलीच्या हातात 'नको'ची यादी देण्याऐवजी ती वही द्या.