'अमृतवेल'मधलं पत्र सगळ्यांकडे आहे, नंदा कुठंय?

महिन्यातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर वि. स. खांडेकरांच्या 'अमृतवेल'मधला तो उतारा येतोच. स्वप्न मोडलं म्हणून माणसानं तिथेच बसून राहू नये, अशा अर्थाचा. कुणाचा निकाल लागो, कुणाचं लग्न मोडो, कुणाची सातपूरची नोकरी जावो, उतारा तोच, खाली गुलाबाचं फूल. वडिलांनी मुलीला लिहिलेल्या पत्रातला आहे तो. पण ती मुलगी कोण, पुढे तिचं काय झालं, असं विचारलं की पाठवणारे गप्प.

म्हणून कादंबरी पुन्हा वाचली. स्पष्ट सांगतो, निराशा झाली.

नाशिककरांना ज्ञानपीठ म्हटलं की तात्यासाहेब शिरवाडकर आठवतात. पण मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ खांडेकरांचं, १९७४ चं. त्यांच्याबद्दल वाकडं बोललेलं आपल्याकडे खपत नाही, हे माहीत आहे. तरी बोलतो.

'अमृतवेल' १९६७ ची. नंदाचं लग्न ठरलंय आणि होणारा नवरा, शेखर, अपघातात जातो. ती कोसळते. जरा सावरायला म्हणून वसुंधराच्या घरी सोबतीला जाते. वसुंधराचा नवरा देवदत्त. हुशार, श्रीमंत, व्यसनी, बायकोपासून तुटलेला. आणि नंदाचं मन त्याच्याकडे ओढ घेतं.

आता विचार करा. १९६७ साली, शाळामास्तर राहिलेला, घराघरात वाचला जाणारा लेखक हे लिहितोय. दुःखात असलेली तरुण मुलगी, तिला आसरा देणारी बाई, आणि त्या बाईच्याच नवऱ्याबद्दल मुलीला वाटणारी ओढ. नंदा वाईट चालीची नाही. ती तुमच्या-आमच्या घरातली, शिकलेली मुलगी आहे. इथपर्यंत पुस्तक हातातून सुटत नाही.

आणि नेमकं इथेच खांडेकर कचरतात. गोष्ट पुढे जायच्या ऐवजी बोलायला लागते. जो तो सुभाषितात बोलतो. देवदत्तच्या वागण्याचं कारण त्याच्या आईच्या भूतकाळात सापडतं, त्यामुळे नंदानं त्याच्याबद्दल काही ठरवायची गरजच उरत नाही. प्रेमात पडलेली बाई बघता बघता दुसऱ्याचा संसार सावरणारी होते. प्रेम म्हणजे वेल, ती स्वतःपुरती न राहता जगाकडे वाढली पाहिजे, असं तत्त्वज्ञान. छान आहे हो. पण ज्या बाईच्या अंगावर तो प्रसंग आलाय तिला हे तिचं तिला कळायला हवं होतं. तिला ते सांगितलं जातं.

ना. सी. फडक्यांची आपण टिंगल करतो, नुसतं तंत्र म्हणून. पण प्रेमकथा सुरू केली की ते शेवटपर्यंत प्रेमकथाच सांगत. खांडेकरांना तेवढं पुरत नव्हतं, हा त्यांचा मोठेपणाही आहे. मात्र त्याची किंमत इथे नंदानं मोजली.

'जुनं पुस्तक, त्या काळी असंच लिहायचे' हे मला पटत नाही. विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ चं. म्हणजे 'अमृतवेल'च्या ३४ वर्षं आधी. शिकलेल्या, कमावत्या मुलींना काय हवंसं वाटतं ते त्यात सरळ लिहिलंय, वर उपदेशाचं झाकण नाही. लोक एवढे खवळले, की लेखिकेनं टोपणनाव घेतलं होतं ते बरंच झालं म्हणायचं.

एवढं मनाला लावून घ्यायचं कारण? मी बातमीदार आहे. मुलगी सज्ञान असो, नोकरी करणारी असो, तिनं मनानं लग्न केलं की कट्ट्यावर शब्द एकच: 'फूस लावली.' म्हणजे तिनं स्वतः ठरवलं असेल ही शक्यताच नाही. मग घरी चार मोठी माणसं बसतात आणि तिला समजावतात. त्यांच्या बोलण्यात मला 'अमृतवेल'चा उत्तरार्ध ऐकू येतो. तोच प्रेमळ सूर. प्रेमळ आहे हे नाकारत नाही, तिच्या वडिलांचं पत्र वाचून माझेही डोळे भरले. पण पत्राला नंदानं काय उत्तर दिलं असतं, ते वाचायची मला जास्त उत्सुकता होती.

परवा एका ग्रुपवर तो उतारा पुन्हा आला. या वेळी साखरपुडा मोडलेल्या मुलीसाठी, तिच्या काकांनी टाकलेला. खाली चाळीसेक हात जोडलेले. ती मुलगी त्याच ग्रुपमध्ये आहे. ती काही बोलली नाही.