पिंजरा भक्कम, पण सीट?



मागच्या दिवाळीच्या सुट्टीत गुलमंडीतील आमच्या घरी माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला आणि फराळ अर्धवट टाकून म्हणाला, "सर, आमची गाडी पाहायला चला ना!" चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये ती गाडी होती. गाडी म्हणजे एका जुन्या मोटारीचे नुसते कवच. गाद्या, काचा, अस्तर सारे काढून टाकलेले आणि आत पोलादी नळ्यांचा पिंजरा वेल्डिंग करून बसवलेला. रॅलीत उतरावयाचे म्हणून मुलांनी ही सारी खटपट स्वतःच्या हातांनी केली होती. मला मनापासून कौतुक वाटले.

मग मी वाकून चालकाच्या सीटखाली पाहिले. सीट तळाच्या पत्र्याला चार बोल्टांनी आवळली होती. पण पत्र्याच्या खालच्या बाजूस प्रत्येक बोल्टाला रुपयाच्या नाण्याहूनही लहान असा एकेक वॉशर, बस्स! मी ते दाखवताच तो म्हणाला, "सर, पिंजरा एवढा भक्कम आहे, मग सीटची कसली काळजी?"

हा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. माझे मत अगदी उलट आहे. ते का, हे तुम्हांला सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम कवचाविषयी थोडेसे. ट्रकला खाली दोन लांब तुळयांची चौकट असते, तिला आपण चासी म्हणतो. पूर्वी मोटारींनाही अशीच चासी असे. १९३४ साली फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने वेगळी चासी नसलेली, पत्र्याच्या कवचानेच सारा भार पेलणारी मोटार मोठ्या संख्येने बनवावयास सुरुवात केली. आज बहुतेक मोटारी तशाच असतात. आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला २००१ पासून जुळणी सुरू झालेल्या स्कोडाच्या मोटारीही त्यातल्याच. पातळ पत्रा भार कसा पेलतो? बुटांचा रिकामा खोका घ्या, झाकण काढा आणि दोन्ही टोके धरून पिळा. सहज पिळला जाईल. आता झाकण चिकटपट्टीने सर्व बाजूंनी चिकटवून पुन्हा पिळा. फरक हातालाच कळेल. बंद पेटीच्या सर्व भिंती मिळून पीळ अडवतात.

पण गाडी उलटली, की छताचे पातळ खांब चेपतात. म्हणून शर्यतीच्या गाडीत पिंजरा. त्याचे तत्त्व काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांनी तपासता येते. चार काड्यांचा चौकोन बोटाने ढकलला की कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. हे खेळणे देशभर पोहोचवणारे अरविंद गुप्ता हे एके काळी पुण्याच्या टेल्कोत ट्रक बनवणारे अभियंते होते, हे मुद्दाम लक्षात ठेवा. पिंजऱ्यातील तिरप्या नळ्या हे असेच त्रिकोण तयार करतात.

आता सीटकडे वळू. समजा, ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने घसरणारी गाडी मागच्या बाजूने भिंतीवर आदळली आणि अर्ध्या मीटरच्या आत थांबली. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर, हे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे. १५ चा वर्ग २२५, दुप्पट अंतर १ मीटर. म्हणजे मंदन २२५ मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २३ पट! चालक आणि सीट मिळून ८० किलोग्रॅम धरा. बल झाले १८,००० न्यूटन. हे बल पाठीकडून सीटवर येते आणि बोल्टांच्या साधारण ३० सेंटिमीटर वर कार्य करते. पुढचे आणि मागचे बोल्टही ३० सेंटिमीटर अंतरावर असतील, तर सीट मागे उलथू पाहील आणि पुढचे दोन बोल्ट मिळून जवळजवळ तेवढ्याच बलाने वर खेचले जातील. प्रत्येकावर ९,००० न्यूटन, म्हणजे नऊ क्विंटलांचे ओझे.

आठ मिलिमीटरचा चांगला बोल्ट याच्या दुपटीहून अधिक बल सोसतो. तुटतो तो पत्रा. १६ मिलिमीटर व्यासाच्या वॉशरचा परीघ सुमारे ५० मिलिमीटर, पत्रा ०.८ मिलिमीटर जाड. म्हणजे कापले जाण्यास विरोध करणारे पोलाद अवघे ४० चौरस मिलिमीटर. साध्या पत्र्याला एवढ्यावर सुमारे १०,००० न्यूटन पेलतील, तेही पत्रा कोरा असेल आणि सपाट राहील तर. प्रत्यक्षात तो आधी फुगतो, मग फाटू लागतो. त्यात गंज असला की संपलेच. म्हणून एफ.आय.ए. या जागतिक मोटारक्रीडा संघटनेच्या नियमांत प्रत्येक बोल्टापाशी पत्र्याखाली निदान ३ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी आणि ४० चौरस सेंटिमीटर स्पर्शक्षेत्र सांगितले आहे. अशा चौरस पट्टीची परिमिती सुमारे २५० मिलिमीटर भरते. पत्रा तोच, बोल्ट तोच, सामर्थ्य पाचपट! पिंजऱ्याच्या प्रत्येक मुख्य पायाखाली तर १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी मागितली आहे.

घरी करून पाहा. वहीच्या कागदाला भोक पाडून त्यातून दोरा ओवा. दोऱ्याच्या खालच्या टोकाला लहान मणी बांधा, कागद डब्याच्या तोंडावर ताणून रबराने बसवा आणि दोरा वर ओढा. नंतर नवा कागद घेऊन मण्याऐवजी कोटाचे मोठे बटण बांधा. बोटांना जो फरक जाणवेल, तोच या नियमामागे आहे.

सीट आणि पट्टे घट्ट असतील तर माणूस किती सोसू शकतो? १० डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत जॉन स्टॅप हे डॉक्टर रॉकेटच्या घसरगाडीवर ताशी सुमारे १,०१७ किलोमीटर वेगाने गेले आणि १.४ सेकंदांत थांबले. गुरुत्वत्वरणाच्या ४६ पट मंदन त्यांनी सोसले. डोळ्यांत रक्त उतरले, पण ते बचावले आणि पुढे १९९९ पर्यंत जगले. शरीर सीटसह उखडले असते, तर भोवती कितीही मजबूत चौकट असून काय उपयोग होता?

तुम्ही म्हणाल, शर्यत ही मोजक्या हौशी लोकांची गोष्ट, आम्हांला तिचे काय? सकाळी सुपारी मारुतीजवळ थोडा वेळ उभे राहा. शाळेच्या व्हॅन आणि रिक्षा तुमच्यासारख्या मुलांनी भरून जाताना दिसतील. काहींत जादा मुले बसावीत म्हणून आडवी फळी टाकलेली असते. ती कशाला बांधली आहे, हे कोणी विचारत नाही. शाळेच्या बससाठी महाराष्ट्रात २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत. पण नियम पुस्तकात आणि फळी गाडीत, असे चालावयाचे नाही. ४० किलोग्रॅमच्या मुलावरही वरच्या हिशेबाने ९,००० न्यूटन बल येते. वर्ग रॅलीचा की शाळेचा, हे निसर्ग पाहत नाही.

आणखी एक सांगून ठेवतो. हे वाचून कोणी घरच्या मोटारीत हौसेने पिंजरा बसवू नये. शर्यतीत चालकाच्या डोक्यावर शिरस्त्राण असते, अंगावर अनेक पट्टे असतात. ते नसतील, तर तीच नळी डोक्यावर आदळते.

माझे म्हणणे असे, की पाठ्यपुस्तकात बलाची व्याख्या देऊन थांबू नये, "हे बल शेवटी कोठे जाते?" हा प्रश्न प्रत्येक धड्याखाली असावा. सीटकडून बोल्टाकडे, बोल्टाकडून पत्र्याकडे, पत्र्याकडून कवचाकडे असा माग काढावयास शिकलेला विद्यार्थी पूल, झोपाळा, पाण्याची टाकी, सारे नव्या नजरेने पाहील. त्या मुलांनी पुढच्याच आठवड्यात पत्र्याखाली रुंद पट्ट्या बसवल्या आणि मला पुन्हा पाहावयास नेले. तुम्हीही उद्या शाळेची गाडी उभी असताना, काकांना विचारून, आपल्या सीटखाली एकदा वाकून पाहा. सीट हलत असेल, तर घरी सांगा आणि शाळेतही सांगा.