वर्षावास संपला, प्रश्न कुठायत?



आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत आमच्या वस्तीच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला गेला. मी सूतगिरणीत रात्रपाळीला. संध्याकाळी विहारात ऐकायचो, तेच प्रकरण रात्री जेवणाच्या सुटीत स्वतः वाचायचो. शाळा सातवीपर्यंतच, पुढचं शिक्षण पुस्तकांनीच केलं. तर या तीन महिन्यांच्या वाचनाचा हिशेब मांडतो. कुणाला झोंबला तर झोंबू द्या.

विहारात ग्रंथ पाटावर. खाली पांढरं कापड, वर हार, बाजूला अगरबत्ती. एक जण वाचतो, बाकीचे हात जोडून बसतात. संपलं की साधू साधू साधू, खीर, आणि घर. सांगा, सत्यनारायणाच्या पोथीत आणि यात फरक काय उरला?

अरे, हा ग्रंथ सुरूच होतो प्रश्नांनी! बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली तो छापून आला. प्रस्तावनेतच त्यांनी चार प्रश्न टाकलेत. सिद्धार्थानं घर का सोडलं? चार आर्यसत्यं मूळची की मागून घातलेली? आत्मा नाही तर कर्म नि पुनर्जन्माचं काय? भिक्खू कशासाठी, स्वतः पूर्ण माणूस व्हायला की लोकांची सेवा करायला? आणि वाचकांनी यावर डोकं चालवावं, अशी अपेक्षाही तिथंच लिहून ठेवलीय. आपण काय चालवतो? अगरबत्ती.

म्हातारा, रोगी, प्रेत बघून सिद्धार्थ निघाला, ही कथा बाबासाहेबांनी नाकारली. २९ वर्षांच्या माणसाला तोवर हे दिसलंच नव्हतं होय? त्या जागी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्याचं भांडण ठेवलं. शाक्य आणि कोलिय. सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, संघाच्या मतदानात हरतो, मग घरादारावर बहिष्काराची नि जमीनजप्तीची धमकी येते. १९२७ साली महाडच्या तळ्यावर उभा राहिलेला माणूस हे लिहितोय! पाणी आणि बहिष्कार. अंगावर काटा यायला पाहिजे. विहारात आल्या जांभया. आणि भिंतीवरच्या चित्रात अजून तोच म्हातारा, तोच रोगी, तेच प्रेत.

काही शहाणे म्हणतात, आपल्या आयाबायांना अक्षर येत नाही, त्यांनी नुसतं ऐकलं तरी पुष्कळ. खोटं आहे हे. माझ्या आईनं एका संध्याकाळी भर वाचनात विचारलं, "आत्मा नाय म्हंता, मग परत जन्मतंय कोण?" बाबासाहेबांचा तिसरा प्रश्न! तिनं प्रस्तावना वाचलेली नव्हती. वाचणारे म्हणाले, "मावशी, मधी बोलू नका, श्रद्धेनं ऐका." तीन महिन्यांत एक जिवंत प्रश्न आला, तो आपल्याच माणसानं दाबला.

कालामांना बुद्ध सांगतो, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, पारखून घ्या. ज्यानं हे सांगितलं त्याच्याच नावाची आपण पोथी बांधली. मग वस्तीतली पोरं डीजेपुढं नाचली आणि मोबाईलवर निळं स्टेटस ठेवून मोकळी झाली, तर त्यांना शिव्या कशाला? प्रश्नाला जागाच ठेवली नाही आपण.

पुढच्या आषाढीला एवढंच करा. अर्धा तास वाचन, अर्धा तास सवाल-जवाब. पहिला सवाल बायांचा. ग्रंथावरचा हार काढा, हाताळून हाताळून त्याचं कव्हर काळं होऊ द्या. आणि "मधी बोलू नका" म्हणणाऱ्याला खाली बसवा, मग तो कितीही मोठा पुढारी असो.

जय भीम.