कॅमेऱ्याच्या खोट्या हाका

सातारा असो की सांगली, आता दुमजली घराच्या दारावर, गल्लीच्या तोंडाशी, अगदी भाड्याच्या खोलीबाहेरही छोटा कॅमेरा दिसतो. एक मुलगा पुण्यात नोकरीला, दुसरा दुबईला किंवा रियाधला, आणि घरात अम्मी-अब्बा दोघेच. अशा घरी कॅमेरा ही हौस नसते, गरज असते. मुलगा सुट्टीवर येतो, कॅमेरा बसवून घेतो, स्वतःच्या आणि वडिलांच्या फोनमध्ये ॲप घालून देतो आणि परत जातो. मग फोन वाजायला लागतो. 'हालचाल आढळली.' उघडून पाहावे तर मांजर. पुन्हा वाजतो, तर पाऊस. पुन्हा वाजतो, तर काहीच नाही.

हा नुसता त्रासाचा प्रश्न असता तर त्यावर लिहिण्याची गरज नव्हती. पण रात्रभर खोटी हाक देणाऱ्या कॅमेऱ्याचे पुढे काय होते, ते आपण सगळेच जाणतो. आधी फोनचा आवाज बंद होतो, मग सूचना बंद होतात. कॅमेरा भिंतीवर राहतो, पण त्याच्याकडे कोणी पाहत नाही. 'लांडगा आला रे आला' ओरडणाऱ्या पोराची गोष्ट आपण मुलांना सांगतो. आपल्या दारावरच्या कॅमेऱ्याचीही तीच गत होते. खरा माणूस कुंपण ओलांडून येतो त्या रात्री फोन मुका असतो.

म्हणून कॅमेरा घेताना तो किती लांबचे पाहतो एवढेच विचारू नये. कशावर गप्प राहायचे हे त्याला शिकवता येते का, तेही विचारावे.

आधी तो हालचाल कशी ओळखतो ते समजून घेऊ. विजेवर चालणारे बहुतेक साधे कॅमेरे एका क्षणाचे चित्र पुढच्या क्षणाच्या चित्राशी ताडून पाहतात. बराच भाग बदललेला दिसला की सूचना जाते. त्याला माणूस, फांदी आणि सावली यांतला फरक कळत नाही. बॅटरीवरच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत उष्णता टिपणारा सेन्सर असतो. समोरून ऊब सरकली की तो जागा होतो; मग ती ऊब माणसाची असो, कुत्र्याची असो की नुकत्याच थांबलेल्या मोटारसायकलची.

आता आपल्याकडची कारणे पाहा. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला पावसाळी वारा सुटतो. कॅमेरा पत्र्याला किंवा सैल खांबाला बसवला असेल, तर तोच हलतो आणि त्याला सारे जग हलताना दिसते. रात्री कॅमेऱ्याचे अदृश्य दिवे लागतात. त्या प्रकाशात भिंगाजवळून गेलेला पावसाचा थेंब, धुक्याचा लोट किंवा छोटासा किडा पांढराशुभ्र आणि मोठा दिसतो. कॅमेऱ्याच्या आडोशाला कोळी जाळे विणतो आणि ते वाऱ्याने रात्रभर हलते. सांगली भागात दिवाळीनंतर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रात्रीची वर्दळ सुरू होते. रस्त्याकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्यासमोरून प्रत्येक ट्रॉलीच्या दिव्यांचा झोत भिंतीवरून सरकतो, आणि प्रत्येक झोताला एक सूचना ठरलेली.

उपाय महागडे नाहीत. मात्र ते क्रमाने करावेत. ॲपमध्ये शिरण्याआधी शिडीवर चढावे.

कॅमेरा पक्क्या भिंतीत, जमिनीपासून साधारण ८ ते १० फुटांवर बसवावा आणि त्याचे तोंड किंचित खाली झुकवावे. चित्रात आभाळ आणि रस्ता जितका कमी, तितक्या खोट्या हाका कमी. समोर येणारी फांदी छाटावी. कपडे वाळत घालायची दोरी कॅमेऱ्यासमोर असेल तर ती दुसरीकडे न्यावी. वाऱ्यावर हलणारा सलवार-कमीज अंधारात हुबेहूब माणसासारखा दिसतो. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने जाळी काढावीत आणि भिंग कोरड्या मऊ कापडाने पुसावे. बाहेरचा दिवा कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी नको. चार-पाच फूट दूर पिवळसर दिवा लावला तर त्यावर किडे कमी येतात. अंगणात असा पुरेसा उजेड असेल तर कॅमेऱ्याचे स्वतःचे रात्रीचे दिवे बंद करून पाहावेत. उष्णतेवर चालणारा कॅमेरा पाणी तापवायच्या बंबासमोर किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर लावू नये. येणारा माणूस थेट समोरून येण्याऐवजी आडवा जाईल अशी जागा अशा कॅमेऱ्याला मानवते.

हे झाले की ॲप उघडावे. पहिले काम, पाहण्याची हद्द आखणे. बहुतेक ॲपमध्ये चित्रावर बोटाने चौकट काढता येते. चौकटीत फाटक, अंगण आणि दार एवढेच घ्यावे. झाड, रस्ता, शेजारचा ओटा बाहेर ठेवावा. दुसरे, फक्त माणूस दिसल्यावर सूचना देण्याची सोय असेल तर ती सुरू करावी. मांजर, पाऊस आणि सावली यांची बरीचशी कटकट तिथेच संपते. तिसरे, संवेदनशीलता एका पायरीने कमी करावी आणि त्याच रात्री घरातल्या कोणीतरी फाटकापासून दारापर्यंत चालून पाहावे. सूचना आली तर ठीक. नाही आली तर पुन्हा एक पायरी वर न्यावे. ही चाचणी न करता संवेदनशीलता कमी करत गेलो, तर खोट्या हाकांबरोबर खरी हाकही जाईल.

चौथे काम वेळापत्रकाचे. ते वर्षभर एकच ठेवून चालत नाही. रमजानमध्ये घर रात्रभर जागे असते. तरावीहहून परतणारे, सहरीला उठलेले, फजरला निघालेले, सगळे त्याच फाटकातून जातात. त्या महिन्यापुरत्या वेळा बदलून घ्याव्यात आणि ईद झाल्यावर आठवणीने पूर्ववत कराव्यात. बकरी ईदच्या आधी अंगणात बकरा बांधला जातो आणि तो स्वस्थ बसणारा प्राणी नव्हे. त्याचा कोपरा तेवढे दिवस चौकटीबाहेर काढावा.

हद्द आखताना शेजाऱ्याचाही विचार व्हावा. आपल्या गल्ल्या अरुंद आणि घरे समोरासमोर. आपला कॅमेरा समोरच्या ओट्यावर बसणाऱ्या बायकांना दिवसभर टिपत असेल, तर त्या घराचा पडदा आपण मोडतो. शेजाऱ्याचा हक्क मोठा आहे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. इथे सोय आणि हक्क दोन्ही एकाच दिशेला आहेत: कॅमेरा आपल्या उंबऱ्याकडे वळवला की शेजारीही निर्धास्त आणि फोनही शांत.

खोट्या हाकेचा याहून मोठा धोका ती घराबाहेर गेल्यावर सुरू होतो. रात्री २ वाजता फाटकाजवळ अनोळखी माणसाची अंधूक छबी दिसते, आणि विचार न करता ती मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकली जाते, 'चोर फिरतोय, सावध राहा.' तो पत्ता शोधणारा असेल, रात्रपाळीहून परतणारा असेल, कोणाचा पाहुणाही असेल. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावी उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुले पळवणारी टोळी समजून लोकांनी मारहाण केली. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता, एवढेच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात तर मुले पळवणाऱ्यांच्या अफवेवरून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे लोक होते. या दोन्ही ठिकाणी कॅमेऱ्याचा संबंध नव्हता. पण घाबरलेल्या वस्तीला एक अंधूक फोटो पुरतो. त्यामुळे शंका आली तर आधी चित्रफीत पूर्ण पाहावी, जवळच्या शेजाऱ्याला फोन करावा, आणि धोका खरा वाटला तर ११२ वर पोलिसांना कळवावे. अनोळखी माणसाचा फोटो ग्रुपवर टाकू नये.

सूचना कोणाच्या फोनवर याव्यात, हेही घरात बसून ठरवावे. आखातातल्या मुलाला रात्रीची सूचना आली तरी तो धावत येऊ शकत नाही. त्याने कोणाला फोन करायचा, त्या शेजाऱ्याचे किंवा नातेवाइकाचे नाव आधीच पक्के हवे. अम्मीच्या फोनवर दिवसभर घंटा वाजत ठेवून तिची झोप आणि तिचा रक्तदाब, दोन्ही बिघडवण्यात शहाणपण नाही.

शेवटी कॅमेऱ्याची मर्यादाही ध्यानात असू द्या. वीज किंवा इंटरनेट गेले की सूचना येत नाही आणि परत आले की सूचनांची रांग लागते. राउटर आणि कॅमेरा इन्व्हर्टरवर घेतला तर एरवीची ही कटकट टळते. पण ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा माणसे घरांना कुलूप लावून बाहेर पडली होती. अशा वेळी वीजच नसते, तर कॅमेरा काय पाहणार? तेव्हा उपयोगी पडतो तो वरच्या मजल्यावर थांबलेला शेजारी. त्याच्याशी सलाम-दुवा राखणे कोणत्याही ॲपमध्ये बसत नाही.

येत्या जुम्म्याच्या दिवशी घरातल्या तरुण मुला-मुलींना हे काम सोपवा. चौकट आखायची, वेळा लावायच्या, चालून चाचणी घ्यायची, जाळी काढायची. तासाभराचे काम आहे. त्यानंतर रात्री फोन वाजला, तर घरातल्या माणसाने उठून पाहिलेच पाहिजे.