भुताचे पुस्तक आणि आमचे भले लोक

पुस्तकावरून भांडण झाले हे ऐकून बरे वाटावे, अशी आमच्या समाजातल्या वाचनाची स्थिती आहे. सोलापुरात आम्ही ज्या उर्दू शाळेत शिकवतो, तिथे असे भांडण झाले. पुस्तक होते नारायण धारपांचे 'लुचाई'.

सुरुवात सिनेमापासून झाली. 'तुंबाड' २०१८ साली आला आणि गेला. २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा लागला, तेव्हा मोठ्या भावांनी थिएटरात आणि आमच्या नववीच्या पोरांनी मोबाइलवर पाहिला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना त्या सिनेमाचे बीज धारपांच्या कथेत सापडले होते, हे आम्ही वर्गात सहज बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी एक मुलगा विचारतो, "सर, ओ किताब मिलती क्या?" मराठीचे पुस्तक आपणहून मागणारा आमच्या नोकरीतला तो पहिला विद्यार्थी. धारप २००८ साली वारले, पण साकेत प्रकाशनाने त्यांची पुस्तके नव्याने छापली आहेत. आम्ही पदरच्या पैशाने दोन-तीन आणली. त्यांत 'लुचाई' होती. वर्गातल्या पेटीत ठेवली, एक वही लावली.

उर्दू शाळेत मराठी हा विषय असतो, मराठी पुस्तक नसते. मूल धडा पाठ करते, प्रश्नोत्तरे उतरवते, पास होते. दहावीनंतर तलाठ्याकडे अर्ज लिहायचा म्हटले की शेजारच्या मराठी शाळेतल्या पोराला हाक मारते. अशा पोरांनी एक पूर्ण कादंबरी, ओळीखाली बोट धरून का होईना, वाचली. परत देताना प्रत्येकाने वहीत मत लिहायचे असा नियम होता. मते एकसारखी नव्हती. एकाने लिहिले, रात्री दिवा बंद केला नाही, अब्बांनी रागावले. दुसऱ्याचे म्हणणे, सुरुवातीला काहीच घडत नाही, माणसेच फार. तिसऱ्याला भीतीच वाटली नाही. यापेक्षा आमच्या गल्लीतला कुत्रा बरा, असे तो लिहितो. एका मुलीने तर लिहिले की शेवट लेखकाने घाईने केला. मराठीचे वाक्य तिचे मोडके होते, पण मत तिचे स्वतःचे होते. बी.एड.ला आम्हाला 'रसग्रहण' शिकवले होते. ते वर्गात घडलेले आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

मग भले लोक जागे झाले.

एक मराठीचे जाणकार स्नेही म्हणाले, हे साहित्य नव्हे, नक्कल आहे. 'लुचाई' स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे, हे खरेच. पण आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' केले, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला, पु. लं.नी शॉच्या 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली, तेव्हा त्याला रूपांतर म्हणायचे आणि भुताची गोष्ट आली की नक्कल? मूळ लेखकाचे नाव पहिल्या पानावर ठळक असावे, एवढे आम्हालाही मान्य आहे. त्यापलीकडे या आक्षेपात दम नाही.

दुसरा आक्षेप आमच्याच स्टाफरूममधून आला. एक बुजुर्ग उस्ताद म्हणाले, मियाँ, हे शिर्क आहे, भूतप्रेत शिकवता. आम्ही त्यांचा आदर करतो, म्हणून तोंडावर बोललो नाही. इथे लिहितो. हेच उस्ताद इब्ने सफी यांचे नाव निघाले की खुर्चीत सरसावून बसतात. १९५२ साली अलाहाबादहून 'जासूसी दुनिया' निघाली. कर्नल फरीदी, कॅप्टन हमीद आणि पुढे इमरान यांनी उर्दू वाचणारी एक पिढीच्या पिढी घडवली. अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचली, मार खाल्ला, हे उस्ताद स्वतः सांगतात. त्या काळच्या उर्दूच्या बड्या समीक्षकांनी या माणसाला साहित्यिक मानायचे टाळले. आणखी मागे जा. 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजाड खंड लखनौच्या नवलकिशोर प्रेसने छापले. त्यांत जादूगार आहेत, देव आहेत, अमर अय्यारची झोळी आहे. त्याला आपण उर्दूचा खजिना म्हणतो. जादू उर्दूत असली तर दास्तान आणि मराठीत असली तर शिर्क, हा कुठला न्याय? उस्तादांची खरी हरकत भुताला नाहीच. मुलाने दुसऱ्या भाषेत रमावे याला आहे. तसे असेल तर स्पष्ट बोलावे, दीनला मध्ये आणू नये.

तिसरा आक्षेप मात्र आम्हाला झोंबला. विज्ञानाचे शिक्षक म्हणाले, दाभोलकरांनी ज्यासाठी जीव दिला, २०१३ साली ज्यासाठी कायदा झाला, त्या राज्यात तुम्ही मुलांना भुते वाचायला देता? आणि त्याच आठवड्यात नेमके तसे घडले. ती शेवटाबद्दल लिहिणारी मुलगी घरी संध्याकाळी फिट येऊन पडली. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. मोहल्ल्यात बातमी पसरली की सरांनी दिलेल्या किताबातून असर झाला. आई शाळेत आली. कारखान्यात माल देऊन तशीच आलेली, हाताला तंबाखूचा वास. "हमारी बच्ची कू क्या पढाए तुमे?" एवढेच म्हणाली आणि रडू लागली. आम्ही त्या वेळी डगमगलो, हे कबूल केले पाहिजे. पुस्तके पेटीतून काढून घरी नेली.

घरच्यांनी मुलीला एका आमिलाकडे नेले. त्याने तावीज दिला, दम केलेले पाणी दिले, एका आठवड्याची विड्यांची मजुरी घेतली आणि पुस्तक जाळा म्हणून सांगितले. पुस्तक तर आमच्याकडे. फिट पुन्हा आली. तेव्हा आम्ही आणि आमच्या एक शिक्षिका तिच्या घरी गेलो. "आपा, एक बार डॉक्टर कू दिखाव," एवढेच म्हणत राहिलो. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासले, मिरगी निघाली. रोजची गोळी आहे, चुकवायची नाही. त्याआधी लहानपणीही एकदा असे झाले होते, तेव्हा तिने कुठलेच पुस्तक वाचले नव्हते, हे आईला मग आठवले.

विज्ञानाच्या सरांना आमचे विचारणे आहे : अंधश्रद्धा कुठे होती? मुलगी पुस्तक वाचून शेवट घाईचा आहे म्हणाली, म्हणजे ही कोणीतरी रचलेली गोष्ट आहे हे तिला कळत होते. ते न कळणारे लोक पुस्तक न वाचणारे होते. कादंबरीकार भीती दाखवतो आणि शेवटच्या पानावर सोडून देतो. आमिल भीती दाखवतो आणि पुढच्या जुमेरातला पुन्हा बोलावतो. दाभोलकर लढले ते दुसऱ्याशी.

आता आमची स्वतःची तक्रार. ती या सगळ्या मतांत कोणीच केली नाही. मराठी माणसाने भुतांनाही जाती दिल्या. मुंज होऊन अकाली मेलेला ब्राह्मणाचा मुलगा तो मुंजा, ब्राह्मणाचे भूत तो ब्रह्मसमंध, आणि खवीस? जुन्या कोशात अर्थ सरळ दिला आहे : मुसलमानाचे भूत. शब्द अरबी 'खबीस'. संडासात जाताना पडायची जी दुआ आमच्या पहिलीच्या मुलांना पाठ असते, तिच्यात याच कुळातला शब्द आहे. ज्या नापाकीपासून मुसलमान रोज पनाह मागतो, तेच नाव मेल्यावर त्याच्या कपाळी लागले! वर्गात हे सांगितले तेव्हा पोरे हसली, आणि एक जण म्हणाला, "सर, फिर अपना भूत कौन लिखा?"

उत्तर आमच्याजवळ नव्हते. पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली याच सोलापुरात भरले. मराठी ही आमची भाषा, हे तेव्हापासून आम्ही व्यासपीठावरून सांगत आलो. लिहिले काय? तलाक, दंगल, गरिबी. लिहिलेच पाहिजे होते, त्याबद्दल वाद नाही. पण २००२ च्या ऑक्टोबरात सोलापुरात कर्फ्यू लागला तेव्हा आम्ही शाळेत होतो. रात्री बंद पडलेले माग, गल्लीत बुटांचा आवाज, दाराला आतून टेकवलेला पलंग आणि अम्मीचा आमच्या तोंडावर ठेवलेला हात, ही भीती आम्ही पाहिली आहे. तिची कादंबरी आमच्यातल्या कोणी का लिहू नये, पोराला रात्रभर जागवील अशी? ती निबंधासारखी लिहिली तर आमची पोरे वाचणार नाहीत, एवढे वहीतल्या मतांवरून आम्ही खात्रीने सांगतो.

पुस्तके पुन्हा पेटीत आली आहेत. या अंकाच्या वाचकांपैकी कोणाला 'लुचाई'वर अनुकूल-प्रतिकूल लिहायचे असेल त्याने जरूर लिहावे, फक्त आधी वाचावे. आमची प्रत मागू नये. ती सध्या नववी 'ब'मधल्या एका मुलाकडे आहे आणि त्याच्यामागे वहीत चार नावे लागली आहेत.